गाणगापूरच्या पाचव्या दारी



नाताळ झाला, वर्षअखेरची रात्रीची उपासना झाली, मंडळीच्या वह्या-हिशेब पंचांकडे सोपवून झाले आणि जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी आम्ही दोघे गाडी घेऊन घराबाहेर पडलो. सोलापूरहून गाणगापूर, तिथून गुलबर्गा, पुढे बीदर आणि परत. पाच दिवसांचा प्रवास. निवृत्तीनंतर कधीतरी जाऊ असे म्हणता म्हणता सहा वर्षे गेली होती.

परत आल्यावर मंडळीत काहींनी विचारले, "गुलबर्गा, बीदर ठीक आहे. पण तुम्ही गाणगापूरला कशाला गेलात?" प्रश्न रास्त आहे. म्हणून ही हकीकत लिहीत आहोत. तिच्यात प्रवासवर्णन आहे, पण एक कबुलीही आहे, आणि खरे तर त्या कबुलीसाठीच हे लिहायला बसलो.

गाणगापूरला गेलो ते शेजारच्या आजींमुळे. आजी ऐंशीच्या घरात आहेत. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, स्वतःची पेन्शन आहे. दत्ताची भक्ती त्यांच्या घरात तीन पिढ्यांची. दत्तजयंतीच्या गर्दीत जाणे आता झेपत नाही, म्हणून गर्दी ओसरल्यावर एखाद्या गुरुवारी जायचे त्यांच्या मनात होते. आम्ही गुलबर्ग्याला निघालोय म्हटल्यावर त्यांनी विचारले, "मला वाटेत सोडाल का? सोमवारी परत येताना घेऊन जा. तिथे माझी भाची आहे." बावीस वर्षांचा शेजार आहे. आमच्या नाताळचा फराळ त्यांच्याकडे जातो, त्यांच्या दिवाळीचा आमच्याकडे येतो. त्यांना नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या फराळाच्या डब्याचीच एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यात आहे. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. चांगली रीत आहे. पण आमच्या घरात तिचे भलतेच झाले होते. कोणाचा डबा आला की तासाभरात तो भरून परत गेलाच पाहिजे. कोणी पाव किलो पेढे आणले तर आम्ही अर्धा किलो पाठवणार. कोणाचे काही अंगावर राहता कामा नये. याला आम्ही चांगुलपणा समजत होतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातले देण्याच्या धन्यतेविषयीचे प्रभूचे वचन आमच्या बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेले आहे. आल्या-गेल्याला ते दिसते. तीन वर्षांपूर्वी त्याच फ्रेमखाली बसून आम्ही एका माणसाचे मन मोडले. ते पुढे सांगतो.

अक्कलकोट मागे पडले, दुधनी गेली आणि कर्नाटकाची हद्द लागली. पाट्यांची लिपी बदलली, पण रान तेच. दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चाललेली, मधूनमधून हुरड्याला आलेली ज्वारी. सकाळचे धुके अजून उतरले नव्हते. मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेल्या आजींनी गुरुचरित्रातली एक कथा सांगितली. नृसिंह सरस्वती हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले संन्यासी. वऱ्हाडातल्या कारंजाचे. आयुष्याची शेवटची पुष्कळ वर्षे ते गाणगापूरला राहिले. कथेत बीदरच्या मुसलमान राजाच्या मांडीला फोड येतो, कोणाचे औषध चालत नाही, तेव्हा तो लवाजमा घेऊन गाणगापूरला संन्याशाकडे येतो. आजी म्हणाल्या, "राजा असला म्हणून काय झाले? त्यालाही मागायला यावेच लागले."

आम्हाला शास्त्रातला नामान आठवला. अरामी सेनापती, अंगावर कोड. चांदी, सोने आणि उंची वस्त्रे गाड्यावर लादून तो अलीशाच्या दारी येतो. बरे होण्याची किंमत मोजण्याची त्याची पूर्ण तयारी असते. अलीशा काही घेत नाही आणि यार्देनेत सात वेळा बुडी मार एवढेच सांगून पाठवतो. नामानाला राग येतो. आजवर आम्ही या रागाचा अर्थ असा लावत होतो की एवढा साधा उपाय त्याला मानवला नाही. पण त्या रागाला दुसरेही एक कारण असेल. फुकट मिळालेले घ्यायची त्याला सवय नव्हती.

गाणगापूर भीमेच्या काठी आहे. पंढरपूरला जिला चंद्रभागा म्हणतात तीच ही नदी, आणि गावाजवळ तिला अमरजा मिळते. मठात निर्गुण पादुका आहेत. आजी दर्शनाला गेल्या तेव्हा आम्ही बाहेर थांबलो. त्यांनी आग्रह केला नाही, आम्हीही संकोच केला नाही. बावीस वर्षांच्या शेजारात एवढे एकमेकांना कळते.

दुपार होत आली तशी गल्ल्यांत एक वेगळीच वर्दळ सुरू झाली. गाणगापुरात माधुकरी मागायची प्रथा आहे. दत्त रोज मध्यान्ही या गावात भिक्षेला येतात आणि कोणत्या रूपात येतील ते सांगता येत नाही, अशी तिथल्या भाविकांची श्रद्धा. म्हणून आलेला भक्त खांद्याला झोळी लावून निदान पाच घरी भिक्षा मागतो, आणि ज्याला जमेल तो भिक्षा वाढतोही. मोटारीतून उतरलेले, अंगठ्या घातलेले लोक झोळी पुढे करून उभे होते. त्यांच्या शेजारी खरोखरच पोटासाठी मागणारेही उभे होते. वाढणारी बाई दोघांत फरक करत नव्हती. फरक करायचाच नाही, हाच तिथला नियम.

आजींनी पिशवीतून भगवी झोळी काढली. निवृत्त मुख्याध्यापिका, तीस वर्षे मुलांच्या हातांवर छडी मारलेली बाई, दारात उभी राहून मागू लागली. दोन घरे झाली आणि त्यांचे गुडघे बोलू लागले. "मला जरा धरा रे," त्या म्हणाल्या. एकाने एक हात धरला, एकाने दुसरा. अशी आमची तिघांची वरात पाचव्या दारी पोचली.

ते घर लहान होते, दगडी उंबऱ्याचे. चुलीवरून उठून आलेली पन्नाशीची बाई, हाताला पीठ. तिने आजींच्या झोळीत ज्वारीची भाकरी घातली, वर शेंगांची चटणी घातली. मग आत जाऊन आणखी दोन भाकऱ्या आणल्या आणि आमच्यापुढे धरल्या. "ऊटा माड्री," म्हणाली. जेवा.

आम्ही दोघांनी एकाच वेळी हात मागे घेतले. "नको नको, आमचे जेवण झाले आहे."

जेवण झालेले नव्हते. सकाळी सहाला चहा-बिस्किटे खाऊन निघालो होतो.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दैवताच्या नावाने दिलेले नाकारले, योग्यच केले. आम्हीही तेच कारण पुढे करू शकलो असतो. पण ते खरे नव्हते. ती भाकरी देवळातून आलेली नव्हती, त्या घरच्या चुलीवरची होती. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात, कोणी घरी बोलावून पुढे वाढले तर चौकशी न करता खावे असे सांगितले आहे, हे आम्हाला ठाऊक होते. तिथे विवेकबुद्धी आड आली नाही. आड आला तो मोठेपणा. आजी मागत होत्या तो त्यांचा नेम होता. आम्हाला कोणी मागणारे समजावे, हे सहन झाले नाही.

आजी म्हणाल्या, "अरे, हात मागे कशाला घेता? ती काय तुमची गरिबी बघून देते आहे?" त्या बाईने काही म्हटले नाही. भाकऱ्या पदराखाली घेतल्या आणि आत गेली. पण वळण्याआधी तिच्या चेहऱ्यावर जे आले ते आम्ही पूर्वी पाहिले होते. अगदी तेच.

आता ती तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

आमच्यापैकी एकाच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. कोणाचे ते महत्त्वाचे नाही. खर्च आमच्या अंदाजाबाहेर गेला. ठेव मोडली, पतपेढीतून कर्ज काढले, सोन्याच्या चार बांगड्या गेल्या. मुलांना अर्धेच सांगितले, मंडळीत काहीच सांगितले नाही. घरी आल्यावर आठव्या दिवशी मंडळीतले एक काका आले. उभे आयुष्य सोलापूरच्या गिरणीत काढलेले, गिरणी बंद झाल्यावर रखवालदारी करून मुलांना शिकवलेले. त्यांनी पिशवीतून एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवले. मंडळीतल्या लोकांनी थोडे थोडे करून जमवले होते. "प्रभूने दिलेत, ठेवा," एवढेच ते म्हणाले.

आम्ही ते पाकीट सरकवून परत त्यांच्या बाजूला केले. फार गोड बोललो. म्हणालो, "काका, प्रभूच्या कृपेने आमचे सगळे व्यवस्थित झाले आहे. हे एखाद्या गरजू कुटुंबाला द्या." काका थोडा वेळ पाकिटाकडे बघत राहिले. मग ते पिशवीत घातले. चहा झालेला होता, तो त्यांनी घेतला नाही. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. रविवारी लांबून सलाम करतात, आम्हीही करतो.

आम्ही ती गोष्ट मनात नम्रतेच्या खात्यावर लिहून ठेवली होती. गाणगापूरच्या त्या दारात ते खाते खोटे असल्याचे कळले.

आजींना भाचीकडे सोडून आम्ही गुलबर्ग्याकडे निघालो. बराच वेळ कोणीच बोलले नाही.

गुलबर्ग्याचे सरकारी नाव २०१४ पासून कलबुर्गी आहे, पण आपल्या तोंडी गुलबर्गाच. १३४७ मध्ये अल्लाउद्दीन हसन बहमन शाहने इथून बहमनी राज्य सुरू केले. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. मशिदीला एरवी मोठे उघडे अंगण असते, हिला नाही. सगळी जागा छताखाली, लहान-मोठ्या घुमटांची. खांबांच्या रांगांतून उभे राहिले की कमानीमागे कमान दिसत जाते. शहरात ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा आहे. वृद्धापकाळी दिल्लीहून दख्खनेत आलेले हे सुफी साधू १४२२ मध्ये इथेच वारले. त्यांच्या दर्ग्यात सगळ्या धर्मांची माणसे दिसली.

शुक्रवारी दुपारी शरणबसवेश्वरांच्या देवळाच्या बाजूने गेलो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले हे लिंगायत संत दासोहासाठी प्रसिद्ध आहेत. दासोह म्हणजे आल्यागेल्याला जेवू घालणे, पण नुसते अन्नदान नव्हे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात जी शिकवण रुजली तिच्यात देणारा स्वतःला दाता मानत नाही, दास मानतो. घेणारा त्याच्यावर उपकार करतो, असा भाव. हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. पाकीट टेबलावर ठेवताना काकांचे हात कसे होते, ते दोघांनाही आठवले. दात्याचे नव्हते ते हात.

याच शहराशी आपल्या पंडिता रमाबाईंचाही संबंध आहे. त्यांनी १९१२ मध्ये गुलबर्ग्यात ख्रिस्ती हायस्कूल सुरू केले आणि त्यांची मुलगी मनोरमाबाई तिथे मुख्याध्यापिका होती. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, तोही आजच्या कर्नाटकातच, गंगामूळच्या रानात. लहानपण सगळे तीर्थांच्या रस्त्यांवर गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत आणि जे मिळेल त्यावर घर चाले. मग दुष्काळ आला. मजुरी करता येत नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती, असे रमाबाईंनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले आहे. १८७४ मध्ये वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. उपासमारीने.

हे आम्ही पूर्वी वाचले होते, मंडळीत सांगितलेही होते. पण त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत ते नव्याने समोर आले. ज्या बाईने मागण्याची लाज एवढ्या जवळून पाहिली, त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले, दुष्काळातल्या शेकडो मुलींना आणले आणि त्यांच्या रोजच्या अन्नासाठी देवापुढे हात पसरले. देवाने ते अन्न माणसांच्या हातून पाठवले. दूरदेशीच्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या. रमाबाईंनी ते परत सरकवले असते तर?

शनिवारी सकाळी बीदरच्या वाटेला लागलो. कमलापूरला रस्त्याच्या कडेला तिथली तांबडी केळी टोपल्यांत मांडलेली असतात, ती घेतली. हुमनाबादवरून पुढे चढ लागतो. बीदर पठारावर आहे, हवा बोचरी. बहमनी राजधानी पंधराव्या शतकात अहमद शाहने गुलबर्ग्याहून इथे हलवली. किल्ला पाहायला अख्खी सकाळ गेली. महमूद गावानचा मदरसा पाहिला. गावान इराणातल्या गिलानहून व्यापारासाठी आलेला परदेशी. बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला आणि १४७२ मध्ये त्याने हा मदरसा बांधला. पुढे त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले आणि सुलतानाने १४८१ मध्ये त्याला मारले. मदरशाचा मोठा भाग नंतर दारूच्या स्फोटात पडला. एक मिनार आणि त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून उभे आहेत.

बीदरची बिदरी कारागिरी पाहिली. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात. मग घासल्यावर सगळे एकाच रंगाचे, चांदी कुठे आणि जस्त कुठे ते कळत नाही. शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर कालवून ती भांड्यावर चोळतात. धातू काळा होतो, चांदी तशीच राहते आणि नक्षी दिसू लागते. काकांसाठी म्हणून एक लहान डबी आम्ही विकत घेतली. खरे सांगायचे तर हिशेब मिटवण्याची ती जुनी खोडच होती.

संध्याकाळी नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू नानक बीदरला आले होते आणि पाण्यावाचून हाल होणाऱ्या लोकांसाठी त्यांनी इथे झरा उघडला, अशी शीख बांधवांची श्रद्धा आहे. लंगरच्या पंगतीत बसलो. डाळ-भाजी ताटात वाढली जाते, पण रोटी आली तेव्हा आम्ही सवयीने ताट पुढे केले. वाढणारा तरुण थांबला. शेजारच्या सरदारजींनी खुणेने दाखवले, रोटी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची. ताटात टाकत नाहीत. आम्ही ओंजळी पुढे केल्या. गरम रोटी हातावर पडली. या प्रवासात पहिल्यांदा आम्ही काही नीट घेतले.

दुसरा दिवस वर्षातला पहिला रविवार. बीदर भागात मेथडिस्ट मंडळ्या जुन्या आहेत. त्यांपैकी एका चर्चमध्ये सकाळच्या उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसलो. उपासना कानडीत. "येसु स्वामी" कळत होते आणि "कृपे" हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. आपली कृपा ती त्यांची कृपे. बाकी उपदेश आम्हाला समजला नाही, पण तेवढे पुरे झाले. प्रभुभोजनाला पुढे बोलावले. कठड्याशी गुडघे टेकले, उजव्या तळव्याखाली डावा तळवा धरून हात पुढे केले.

चाळीस वर्षे आम्ही असेच हात पुढे करत आलो आहोत. दर महिन्याला. या भाकरीबद्दल कधी आमच्या मनात आले नाही की, नको, एखाद्या गरजूला द्या. या भाकरीला परतफेड नाही. तिचा डबा भरून परत करता येत नाही. पेत्राने आधी प्रभूला आपले पाय धुऊ देण्याचे नाकारले, तेही नम्रतेच्याच शब्दांत. प्रभूने त्याला काय उत्तर दिले ते योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध राहत नाही, अशा अर्थाचे. एवढे कडक उत्तर का, हे आम्हाला कधी कळले नव्हते. त्या कठड्याशी ते कळले. आमच्या आणि काकांच्या मधला संबंधही असाच तुटला होता.

आणि फ्रेममधले ते वचन! देणाऱ्याची धन्यता मोठी, हे खरे. पण कोणी घेतलेच नाही तर देणारा धन्य कसा होणार? आम्ही ती धन्यता सगळी आमच्याकडे ठेवली होती. काकांच्या वाट्याला ती येऊ दिली नाही.

रविवारी मुक्कामाला गुलबर्ग्याला आलो आणि सोमवारी दुपारी गाणगापूरला. आजींना घेण्याआधी ते दगडी उंबऱ्याचे घर शोधले. सापडले. ती बाई मात्र नव्हती, तुरीच्या काढणीला गेली होती. एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. आम्हाला कानडी येत नाही, त्यांना मराठी मोडकी येत होती. आम्ही काही स्पष्टीकरण दिले नाही. नुसते म्हणालो, "बाबा, भूक लागली आहे. थोडी भाकरी मिळेल का?"

बंधुभगिनींनो, साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य आमच्या तोंडून निघाले. कान तापले होते. म्हाताऱ्यांनी आत जाऊन टोपलीत शोधले. एकच भाकरी शिल्लक होती. तिचे दोन तुकडे करून त्यांनी आमच्या हातावर ठेवले. चटणी नव्हती, मीठ दिले. सारफथच्या विधवेने एलीयाला आपल्या शेवटच्या पिठाची भाकरी करून दिली, ती एलीयाने मागून घेतली होती. देवाने त्याला एखाद्या श्रीमंताकडे पाठवले नाही, तिच्याकडे पाठवले. आम्ही तिथेच उंबऱ्यावर बसून ते तुकडे खाल्ले. पैसे देऊ केले नाहीत. हे सर्वांत अवघड गेले.

आजी गाडीत बसताना म्हणाल्या, "चेहरे उतरलेत तुमचे. जेवलात का?" आम्ही म्हणालो, "हो. मागून खाल्ले." त्यांनी पुढे काही विचारले नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही काकांच्या घरी गेलो. बिदरीची डबी पिशवीत घातली होती, ती निघताना काढून घरीच ठेवली. रिकाम्या हातांनी गेलो. काकांनी दार उघडले, क्षणभर थांबले आणि "या" म्हणाले.

आम्ही सांगितले, "काका, त्या दिवशी आमचे काहीच व्यवस्थित नव्हते. आम्ही खोटे बोललो."

"मला माहीत होते," काका म्हणाले. "हिने त्या आधीच्या रविवारी हातात काचेच्या बांगड्या पाहिल्या होत्या."

मग त्यांनी जे सांगितले ते आम्हाला तीन वर्षे ठाऊक नव्हते. ते पाकीट त्यांनी दुसऱ्या कोणाला दिले नाही. लोकांनी आमच्या नावाने दिले होते, ते दुसरीकडे वळवणे त्यांना पटले नाही. वहीत नावे होती. घरोघरी जाऊन त्यांनी ज्याचे त्याचे पैसे परत केले. प्रत्येक दारात विचारले गेले, "का, घेतले नाहीत?" प्रत्येक दारात त्यांनी सांगितले, "त्यांना गरज पडली नाही." आमचे खोटे त्यांना एवढ्या दारांत पुन्हा पुन्हा बोलावे लागले. आम्ही एका माणसाचे मन मोडले असे समजत होतो. त्या वहीत एकतीस नावे होती.

काय बोलावे ते सुचेना. क्षमा मागितली. काकांनी मान हलवली, "झाले ते झाले" असे मात्र म्हटले नाही. ते म्हणायला हवे होते असेही आम्हाला वाटत नाही.

मग आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. पुढच्या महिन्यात आमच्यापैकी एकाच्या डोळ्याचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. मुले लांब आहेत. दुसऱ्याला त्या दिवशी एकट्याने सगळे निभावणार नाही. "काका, तुम्ही सोबत याल का? दोन दिवस घरी कोणी थांबायलाही लागेल."

काका बराच वेळ गप्प होते. आतून काकूंनी चहा आणला. काकांनी स्वतःचा कप उचलला, आमचा आमच्यापुढे सरकवला आणि विचारले, "किती वाजता निघायचे?"

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीत देणारे पुष्कळ आहेत, देव त्यांना आशीर्वाद देवो. पण आमच्यासारखेही असतील, ज्यांच्या घरात वचनाची फ्रेम आहे आणि पतपेढीचे कर्जही आहे, आणि ज्यांनी कोणाचे तरी पाकीट गोड बोलून परत केले आहे. तुम्ही असाल तर त्या माणसाकडे जा. काही घेऊन जाऊ नका. काहीतरी मागा.

प्रार्थना करू या. हे प्रभू, तू शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितलेस. तुला मागण्याची लाज वाटली नाही. आम्हाला वाटते, तिची क्षमा कर. जे तू माणसांच्या हातून पाठवतोस ते घ्यायला आमचे हात मोकळे कर. ज्यांना आमच्या नकाराने दुखावले त्यांची मने तूच जोड. येशूच्या नावाने मागतो. आमेन.